प्रौढ स्त्रीची कैफियत

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या, आणि महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात हे प्रमाण इतके चढे नव्हते. या आकड्यात स्त्रीसन्मानाचा दाखला शोधणारे काही लोक आहेत. वस्तुतः तो चाकरमान्यांच्या स्थलांतराचा हिशेब आहे. ज्या घरातील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा पेढीवर राहिला आणि गणपतीला व शिमग्याला तेवढा गावी आला, त्या घराची भातशेती, गुरे, म्हातारी माणसे, देवधर्म आणि तलाठ्याकडचे कागद हे सर्व मागे राहिलेल्या स्त्रीने सांभाळले, आणि आज मनिऑर्डरीची जागा बँकेच्या खात्याने घेतली असली तरी या व्यवस्थेची घडण फारशी बदललेली नाही. अशा घरातील पंचेचाळिशीची स्त्री आषाढात गुडघाभर चिखलात लावणी करते, चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्या भरते, काजूच्या कारखान्यात उभी राहते, किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी निवडते. ती थकते, चढण चढताना तिला धाप लागते, सायंकाळी तिचे पाय जड होतात. आणि या थकव्याची उघड दिसणारी कारणे इतकी असतात की न दिसणाऱ्या कारणाचा शोध घेण्याची गरज कोणाला वाटत नाही, तिला स्वतःला तर मुळीच वाटत नाही.

ते न दिसणारे कारण पुष्कळदा तिच्या पाळीत असते. रजोनिवृत्ती ही एखाद्या ठरावीक तारखेस घडणारी गोष्ट नव्हे; आपल्या देशात ती सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येत असली तरी तिच्या आधीची कित्येक वर्षे बीजकोषांचे कार्य अनियमित होत जाते. ज्या महिन्यात स्त्रीबीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. एस्ट्रोजेन मात्र आपले काम करीतच राहते, आणि त्याच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर वाजवीपेक्षा जाड होऊन, केव्हातरी उशिराने, दीर्घकाळ आणि प्रचंड प्रमाणात गळू लागते. याच वयात गर्भाशयातील गाठी वाढलेल्या असतात, कोठे अस्तराला कोंब फुटलेला असतो, कोठे थायरॉइड मंदावलेले असते. दीड महिना पाळी आली नाही आणि मग आली ती दहा दिवस थांबली नाही, हा अनुभव कोकणातील कोणत्याही वाडीत चार बायकांनी एकमेकींना सांगितलेला असतो, आणि चौघींनीही त्यावर एकच निकाल दिलेला असतो: या वयात अंगावरून असे जायचेच. त्यातील पहिला भाग खरा आहे. या वयात असे पुष्कळदा होते. परंतु जे पुष्कळांना होते ते निरुपद्रवी असते, हे अनुमान मात्र सर्वथा चुकीचे आहे, आणि प्रस्तुत लेखाचा सारा रोख त्या अनुमानाविरुद्ध आहे.

वाहून जाणाऱ्या रक्ताबरोबर शरीरातले लोहही जाते; त्याचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. सामान्य पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे पंधरा ते वीस मिलिग्रॅम लोह खर्ची पडते. शरीर दररोजच्या अन्नातून एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषून घेऊ शकते, आणि त्यातील जवळजवळ एक मिलिग्रॅम त्वचा व आतड्यांच्या नित्य झिजेत जातो. म्हणजे नेहमीच्या पाळीतसुद्धा जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी जेमतेम होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाच्या आहारात १९ मिलिग्रॅम लोह असावे असे सांगितले, त्या तफावतीचे कारण हेच. आता रक्तस्राव दुपटीहून अधिक झाला आणि महिन्याकाठी पंचवीस मिलिग्रॅमची तूट येऊ लागली असे धरले, तर स्त्रीच्या शरीरात साठा म्हणून जे सुमारे तीनशे मिलिग्रॅम लोह असते, ते एका वर्षात संपून जाते. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या वर्षभरात तिचे हिमोग्लोबिन फारसे खाली येत नाही. कारण शरीर आधी शिल्लक मोडते आणि ती संपल्यावरच तांबड्या पेशींच्या उत्पादनाला हात लावते. म्हणून हिमोग्लोबिन बारा ग्रॅम आहे, सबब तुम्हाला काही झालेले नाही, हा निर्वाळा अपुऱ्या पुराव्यावर दिलेला असतो. साठ्याची खरी कल्पना फेरिटिन या तपासणीने येते. ती सर्वत्र स्वस्तात होत नाही हे मान्य. पण होत नाही म्हणून तिची आवश्यकता नाहीशी होत नाही. साठा रिकामा झालेली स्त्री केस गळल्याची, झोप न लागल्याची, रात्री पाय चाळवल्याची, चिडचिड झाल्याची तक्रार करते, कोणी गुपचूप कच्चे तांदूळ किंवा माती खाऊ लागते, आणि या सर्व गोष्टी तिच्या स्वभावाच्या खाती मांडल्या जातात.

रत्नागिरीची माती लोहाच्या भस्मानेच तांबडी झालेली आहे. घरे ज्या जांभ्याची आहेत तो दगडही लोहानेच रंगलेला. परंतु लोह भोवताली असणे आणि ते रक्तात उतरणे यांत पुष्कळ अंतर आहे. आपल्या भाताच्या, कुळथाच्या पिठीच्या आणि पालेभाजीच्या जेवणातील लोह फार थोड्या अंशाने शोषले जाते. मासळी, आणि विशेषतः तिसऱ्या व कालवे यांतील लोह अधिक सुलभतेने शोषले जाते, व त्यांच्यामुळे सोबतच्या भाजीतले लोहही अधिक शोषले जाते. पण घरात मासळी आली की ती आधी कोणाच्या ताटात पडते आणि शेवटी कोणाच्या वाट्याला नुसते कालवण उरते, हे सांगण्याची गरज नाही. त्यात जेवणावर लगेच घेतलेला चहा शोषणाला आडवा येतो. शिवाय दमट मातीत अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायांतून शिरणारी अंकुशकृमी आतड्यात बसून रोज थोडे थोडे रक्त पिते, तो खर्च वेगळाच.

आता सरकारी दप्तराकडे वळू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि पुन्हा वाढते. परंतु ती वयोमर्यादा नीट पाहावी. पन्नाशी पूर्ण केलेली स्त्री, जिचा रक्तस्राव कदाचित ऐन भरात असेल, ती या गणतीच्या हद्दीबाहेर आहे. ही मर्यादा योगायोगाने पडलेली नाही. आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने स्त्रीकडे प्रथमपासून माता म्हणून पाहिले, आणि अपत्यप्राप्तीचे वय संपले की तिचे खाते बंद केले. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज वैद्य मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरण्यांतील गरीब गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने १९३१ मध्ये जगापुढे मांडले, आणि पुढे त्यातूनच फॉलिक आम्लाचा शोध लागला. आज आशाताईंच्या पिशवीतील लाल गोळीत साठ मिलिग्रॅम लोहाच्या जोडीला जे फॉलिक आम्ल असते, त्याचा उगम मुंबईतील त्या कष्टकरी स्त्रियांच्या रक्तात आहे. तो शोध थोर होताच. पण गर्भवतीच्या रक्तक्षयापासून सुरू झालेली ही वाट आजही मुख्यतः तेथेच फिरते. रक्तक्षयप्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला, २०१८ मध्ये ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ या नावाने त्याची नव्याने उभारणी झाली. त्यात गर्भवतीला १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस रोज गोळी देण्याची तजवीज आहे, आणि तिचा पाठपुरावाही होतो. वीस ते एकोणपन्नास वयाच्या इतर स्त्रियांना आठवड्यास एक गोळी द्यावी असेही त्या योजनेत लिहिलेले आहे. पण ज्या स्त्रीच्या घरी तान्हे मूल नाही आणि होण्याचा संभवही नाही, तिच्या दारात गोळी घेऊन जाण्याचे निमित्त कोणाला पडत नाही. आणि क्षणभर ती पोहोचते असे मानले, तरी आठवड्याच्या एका गोळीने पंचेचाळिशीचा मोठा रक्तस्राव भरून निघणार नाही. गळती कोठे आहे ते न पाहता भर घालीत राहणे हा उपचार नव्हे.

ही गळती कोणी पाहिली आहे काय? महाराष्ट्रातच एकदा ती पाहण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. आणि पूर्वी कधी तरी स्त्रीरोगासाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. मला यातील दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. रोग असणे हे दारिद्र्याचे, कष्टाचे फळ म्हणता येईल. पण शंभरातील ब्याण्णव जणींना कोणी तपासलेच नव्हते, याचे कारण दारिद्र्य एवढेच नाही. त्यांना कोणी विचारले नव्हते. विचारल्यावर त्या बोलल्या आणि तपासणीलाही आल्या. खेड्यातील स्त्री लाजते, सांगत नाही, ही जी सबब वैद्यकसेवेतील माणसे वर्षानुवर्षे पुढे करीत आली, तिचे उत्तर त्या दोन गावांनी देऊन ठेवले आहे.

आणि सांगितल्यावर तिचे ऐकले जाते काय, हा पुढचा प्रश्न. येथे वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील एक मोलाची गोष्ट नमूद केली पाहिजे. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात झालेल्या आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त गेले तर तो अतिस्राव मानावा, असे ठरले. शास्त्राच्या दृष्टीने व्याख्या चोख होती. पण वापरलेले कापड प्रयोगशाळेत नेऊन रक्त मोजल्यावाचून ती लागू कशी करावयाची? परिणाम असा झाला की स्त्री म्हणे फार जाते, वैद्य म्हणे किती ते कळत नाही, आणि मोजमापाच्या अभावी तिची फिर्याद बरखास्त होई. २००७ मध्ये ब्रिटनच्या आरोग्यमार्गदर्शक संस्थेने ही व्याख्या बाजूला सारली आणि जो रक्तस्राव स्त्रीच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक किंवा आर्थिक जीवनात बाधा आणतो तो अतिस्राव होय, असे म्हटले. माझ्या मते ही केवळ व्याख्येची दुरुस्ती नाही; पुराव्याच्या कायद्यातील तो बदल आहे. तोवर जी स्त्री आपल्याच शरीराविषयी ऐकीव साक्ष देणारी समजली जात होती, ती त्या दिवशी मुख्य साक्षीदार झाली. दर तासा-दोन तासांनी कापड बदलावे लागते, रात्री उठावे लागते, रुपयाएवढ्या गाठी पडतात, सात-आठ दिवसांवर जाते, त्या दिवसांत मजुरी बुडते किंवा एसटीत बसण्याची भीती वाटते, एवढे तिने सांगितले की तिची जबानी पुरेशी आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा शिरस्ता अजून रुजलेला नाही.

याच ठिकाणी आपल्या घरांतील एका वहिवाटीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गौरी-गणपती जवळ आले की रत्नागिरी, चिपळूण, राजापूर, कोणत्याही बाजारपेठेतील औषधांच्या दुकानांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांना मागणी येते. सोवळ्यात खंड नको, नैवेद्याचा स्वयंपाक अडायला नको, म्हणून घरातली सून, आणि पुष्कळदा पंचेचाळिशीची सासूही, वैद्याला न विचारता त्या गोळ्या घेते. त्यातील औषध बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. आणि हेच औषध, वेगळ्या मात्रेत व वैद्याच्या देखरेखीखाली, अतिस्राव आटोक्यात आणण्यासाठी वापरले जाते. म्हणजे औषध घरात येते, पैसे खर्च होतात, पाळीचा उच्चारही होतो. पण देवाच्या सोयीसाठी. तीच स्त्री पुढच्या महिन्यात दहा दिवस रक्ताने भिजत असता त्यासाठी कोणी दुकानात जात नाही. ज्या समाजाला पाळी चार दिवस लांबवण्यासाठी वैद्यक आठवते, त्याला ती आवरण्यासाठी आठवू नये, याला अज्ञान म्हणता येणार नाही. ही निवड आहे. भरीस भर म्हणजे गोळी थांबवल्यावर येणारी पाळी या वयात कधी कधी फार मोठी येते, आणि ती सोसताना बाई पुन्हा एकटीच असते.

सोसणे हे एक टोक झाले. दुसरे टोक बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली जात असल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये विधानपरिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेथे पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या स्त्रियांना त्रास नव्हता असे नाही. अंगावरून जात होते, ओटीपोट दुखत होते, पाळीत काम बुडाले तर मुकादम पैसे कापत होता. पण त्या त्रासाला ‘पिशवी काढून टाका’ एवढे एकच उत्तर देण्यात आले. सोसा असे सांगणारा आणि काढून टाका असे सांगणारा हे परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः ते सख्खे भाऊ आहेत. दोघांनीही स्त्रीची कैफियत पुरती ऐकलेली नसते, दोघांनाही मधल्या वाटा शोधण्याची दगदग नको असते, आणि दोघांच्याही मनात मुले झाल्यावर गर्भाशयाचे काय काम, हाच विचार असतो. गर्भाशयाबरोबर कोवळ्या वयात बीजकोषही काढले गेले तर हाडे आणि हृदय यांना त्याची किंमत मोजावी लागते, हे त्या बाईला शस्त्रक्रियेपूर्वी सांगितलेले नसते.

मधल्या वाटा पुष्कळ आहेत. जपानमध्ये उताको ओकामोटो या संशोधक स्त्रीने आपल्या पतीसह शोधून १९६२ मध्ये जगापुढे ठेवलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल पाळीच्या दिवसांत घेतले असता रक्तस्राव बराच कमी होतो. ज्यांना पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झाली आहे त्यांनी मात्र ते घेऊ नये. मेफेनॅमिक आम्लाने स्राव व वेदना दोन्ही काहीशा कमी होतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक थेट गर्भाशयात सोडणारे छोटे साधन १९९० पासून जगात वापरात आहे, ते एकदा बसवले की वर्षानुवर्षे काम करते आणि कित्येक स्त्रियांची शस्त्रक्रिया टाळते. तांबीविषयी आपल्याकडे जे गैरसमज आहेत ते यालाही चिकटले, आणि किंमतही आड आली. यांपैकी कोणताही उपाय करण्याआधी तपासणी हवी: सोनोग्राफी, रक्ताची मोजणी, गरज असेल तेथे थायरॉइड, आणि पंचेचाळिशीनंतरच्या अनियमित रक्तस्रावात गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासणे, कारण या गर्दीत क्वचित कर्करोगही लपलेला असतो. बारा महिने पाळी बंद राहिल्यावर पुन्हा एक डाग जरी दिसला तरी त्या स्त्रीने आठवडाभराच्या आत वैद्याकडे गेलेच पाहिजे. तेथे ‘वय आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नये.

रजोनिवृत्ती निसर्गक्रम आहे, तिला रोगाचे नाव देऊन बायकांना दवाखान्याच्या दारी का बसवता, असा आक्षेप येईल, आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. पाळी जाणे हा रोग नव्हेच. औषधकंपन्यांनी तसे भासवण्याचा उद्योग जगात केलेला आहे. परंतु निसर्गक्रम म्हणून प्रसूतीही आपण वाऱ्यावर सोडली होती, आणि त्या निसर्गक्रमात किती स्त्रिया गेल्या याची साक्ष आपल्याच घरांतील जुन्या वंशावळी देतील. पाळी जाताना लोहाचा साठा रिता होऊन हिमोग्लोबिन सहा-सातवर येणे हा निसर्गाचा हेतू असला तरी तो आपण मान्य करण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप सभ्यतेचा: या गोष्टी चारचौघांत बोलण्याच्या नव्हेत. याच जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातील मुरुड येथे जन्मलेल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून या आक्षेपाला उत्तर दिले आणि त्यापायी न्यायालयात दंड भरला. त्यांच्यानंतर इतक्या वर्षांनी तेच उत्तर पुन्हा द्यावे लागणे हे त्यांच्या जिल्ह्याला शोभणारे नाही.

मागणी मोठी नाही. प्रत्येक उपकेंद्राच्या नोंदवहीत चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीचे स्वतंत्र पान असावे, आणि वर्षातून दोनदा आशाताईने तिला तीनच प्रश्न विचारावे: पाळी किती दिवस जाते, कापड किती वेळा बदलावे लागते, आणि पूर्वी होत असलेले कोणते काम आता होत नाही. उत्तर वावगे वाटल्यास हिमोग्लोबिन, आणि तालुक्याच्या ठिकाणी फेरिटिन. मंडणगडच्या किंवा संगमेश्वरच्या डोंगराळ वाडीतील बाईला एका तपासणीसाठी रत्नागिरीस येणे म्हणजे दिवसाची मजुरी आणि दोन वेळचे एसटीभाडे. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस तालुक्यास बसावे हे अधिक रास्त. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालेले आहे, त्यामुळे माणसे नाहीत ही सबब पूर्वीइतकी टिकणारी नाही.

आणि गोळी देताना ती कशी घ्यावी हेही सांगितले पाहिजे, कारण निम्म्या गोळ्या त्यावाचून डब्यात पडून राहतात. ती रिकाम्या पोटी, शक्य तर लिंबाच्या किंवा आवळ्याच्या रसाबरोबर घ्यावी; चहा आणि कॅल्शियमची गोळी यांपासून तिचे दोन तासांचे अंतर ठेवावे. एक गोळी घेतल्यावर शरीर हेप्सिडिन नावाच्या द्रव्याच्या योगे पुढचे शोषण दिवसभर रोखून धरते असे अलीकडच्या अभ्यासांनी दाखविल्यामुळे, रोजच्या गोळीने पोट बिघडत असेल तर वैद्याच्या सल्ल्याने ती दिवसाआड घ्यावी. त्याने लाभ कमी होत नाही आणि त्रास कमी होतो. मल काळा होतो, त्याने घाबरू नये. गोळी मुळीच सोसत नसेल किंवा रक्त फारच उतरले असेल तर शिरेतून लोह देता येते. आणि हिमोग्लोबिन बारावर आले म्हणून औषध थांबवू नये. रिता झालेला साठा भरण्यासाठी त्यानंतरही किमान तीन महिने ते चालू ठेवावे लागते, आणि त्या तीन महिन्यांच्या गोळ्या पहिल्याच भेटीत तिच्या हाती दिल्या गेल्या पाहिजेत, कारण बरे वाटू लागल्यावर लावणी सोडून ती पुन्हा येणार नाही.